नानांचा फलाट आणि अक्काची आखाजी

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. हिवाळ्यात आमच्या ओसरीवर भरिताची वांगी साठतात ना, अगदी तसे! आपण मागितलेली नसतात, पण जो येतो तो दोन-चार ठेवून जातो. नाना खासदार झाले तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस चहा पितो आणि नानांचा एक किस्सा ठेवून जातो. एकच किस्सा धुळ्यात एक, जळगावात दुसरा आणि आमच्या गावात तिसराच होतो.

नाना म्हणजे माझे सासरे. शिक्षण सातवी, शेती कपाशीची, डोक्यावर पांढरी टोपी. मी देवपूरची, मॅट्रिक झालेली, लग्न होऊन सुरतेच्या लाईनीवरच्या या लहानशा गावात आले. त्यामुळे मला जे दिसलं ते मी सांगते, आणि दिल्लीतलं जे सांगते ते गुरुजींकडून ऐकलेलं. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. नानांचा पत्रव्यवहार बघायला ते दिल्लीला त्यांच्याबरोबर राहायचे आणि सभागृहात नाना बोलणार असले की वर गॅलरीत जाऊन बसायचे. गुरुजी खोटं बोलत नसत. फार तर थोडं रंगवत.

*

निकाल लागला त्या दिवशी नाना गुलालाने लाल झालेले. ट्रकवर मिरवणूक, वाजंत्री, सगळं. पण नाना ट्रकवरून मध्येच उतरले आणि म्हणाले, "आधी अक्काच्या पाया पडून येतो."

अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा नानांना तिनेच वाढवलं. तिचं सासर याच लाईनीवर, थोडं अलीकडे. दर आखाजीला ती माहेरी यायची. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी आली नाही तर तो सणच नाही. झाडाला झोके, गाणी, पुरणाचे मांडे! पण आमच्या स्टेशनला तेव्हा फलाट नव्हता. गाडी थांबायची ती सरळ मातीत. बाप्ये उड्या मारायचे. बायका लुगडं सावरत, लेकरं खाली देत, कशाबशा घसरायच्या. आदल्या वर्षी अक्का अशीच उतरताना पडली, कमरेला मार लागला आणि पाय कायमचा अधू झाला.

नाना गुलालासकट तिच्या खाटेशी जाऊन बसले. मीही बरोबर होते. अक्काने पेढा खाल्ला, नानांच्या तोंडावरचा गुलाल पदराने पुसला आणि त्यांच्या घरच्या नावाने हाक मारून म्हणाली,

"भिला, तू आते दिल्लीले जाशी. तठे बठ्ठासले सांग, मना माहेरले फलाट पाहिजे. फलाट व्हई तव्हय मी आखाजीले येसू."

फलाट झाल्याशिवाय माहेरी यायचं नाही, हे तिचं ठरलंच. नाना म्हणाले, अक्का, मी बैलगाडी पाठवतो, गादी घालून. जीप पाठवतो.

अक्काने मान हलवली. म्हणाली, गावातल्या बाकीच्या बायांना कोण जीप पाठवणार आहे?

नाना परत येताना ट्रकवर चढलेच नाहीत, चालत आले.

*

दिल्लीतलं पहिलं भाषण रेल्वेवर. गुरुजी सांगतात, आधी बोलणारे सगळे मोठमोठं मागत होते. कोणाला नवी लाईन हवी, कोणाला मेल गाडी, कोणाला कारखाना. नानांची पाळी आली ती अगदी शेवटी, जेवायच्या वेळेला. सभागृह अर्धं रिकामं.

नानांनी आपल्या खानदेशी हिंदीत सुरुवात केली. म्हणाले, आमच्या गावाला गाडी आहे, स्टेशन आहे, स्टेशनमास्तर आहे, तिकीटही मिळतं. फक्त उतरायला जागा नाही. मग हात छातीशी आडवा धरून त्यांनी उंची दाखवली. "इतना! इतने ऊपर से हमारी औरतें कूदती हैं."

दोघं-तिघं हसले. नाना अक्काचं सांगायला लागले, ती कशी पडली, किती दिवस झोपून होती. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटी वाजली. नाना बोलतच राहिले. पुन्हा घंटी. अध्यक्ष म्हणाले, माननीय सदस्य, घंटी वाजली आहे.

नाना म्हणाले, "महोदय, घंटी बजी, लेकिन मेरी बहन अभी उतरी नहीं है."

गुरुजी सांगतात, दोन्ही बाजूंची बाकं वाजली. अध्यक्षसुद्धा हसले आणि म्हणाले, ठीक आहे, उतरू द्या त्यांना.

नानांना आणखी वेळ मिळाला. पण काय बोलायचं ते सगळं बोलून झालेलं होतं. ते "धन्यवाद" म्हणाले आणि बसले!

*

मग कंट्रोलच्या कापडाची गंमत. स्वस्त कापड सरकार दुकानातून द्यायचं, पण साड्या यायच्या पाचवारी. आमच्याकडे खेड्यात तेव्हा सगळ्या नऊवारी लुगडी नेसणाऱ्या. बाया दोन साड्या घेऊन मध्ये शिवायच्या आणि चालताना ती शिवण टोचायची. धोतरांचीही तीच गत, आखूड.

नानांनी ठरवलं की हे दिल्लीत दाखवायचं. सासूबाईंना म्हणाले, तुझं ते मध्ये शिवलेलं लुगडं दे, सभागृहात दाखवतो. सासूबाई एरवी नानांपुढे मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हणाल्या, माझं लुगडं चारशे-पाचशे पुरुषांपुढे फडकवणार? मी जीव देईन.

नाना रिकाम्या हाताने गेले.

भाषणाच्या दिवशी दिल्लीत कडाक्याची थंडी. सगळे लोकरी कोटात. नाना उभे राहिले तर धोतर गुडघ्यापर्यंतच! खाली उघड्या पोटऱ्या. त्यांनी दुकानातलं कंट्रोलचं धोतर घेऊन तसंच नेसलं होतं. बोलता बोलता ते बाकाच्या बाहेर वाटेत येऊन उभे राहिले.

कोणीतरी हरकत घेतली की सभागृहात वस्तू दाखवायला मनाई आहे.

नाना म्हणाले, "दिखा नहीं रहा हूँ महोदय, पहना हूँ."

पुढे काही महिन्यांनी तालुक्याच्या दुकानात कंट्रोलची नऊवारी लुगडी आली. बायका त्यांना 'नानांचं लुगडं' म्हणायच्या. असोद्यापासून पहूरपर्यंत हेच नाव. सासूबाईंनी मात्र ते कधी घेतलं नाही. म्हणायच्या, ते बघितलं की मला ह्यांचे गुडघे आठवतात.

*

केळीच्या वॅगनींचा किस्सा तुम्ही कुठे ना कुठे ऐकला असेल. खरा तो असा.

असोद्याची मंडळी नानांकडे आली. केळी कापून स्टेशनवर पडायची आणि वॅगन वेळेवर मिळायची नाही. दिल्लीच्या बाजारात पोचेपर्यंत निम्मा माल काळा. नाना त्यांचा अर्ज घेऊन दिल्लीतल्या एका मोठ्या कार्यालयात गेले. साहेबांनी अर्ज घेतला, फाईलीला लावला आणि म्हणाले, बघतो.

नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी खांद्यावर एक हिरवागार घड. गुरुजी दाराशीच लाजून उभे. साहेबांना वाटलं भेट आणली आहे. ते म्हणाले, आम्ही असलं काही घेत नाही.

नाना म्हणाले, भेट नाही, अर्जाला जोडायचं राहिलं होतं. आणि घड टेबलावर, फाईलीच्या शेजारी ठेवून निघून आले.

पुढच्या आठवड्यात चर्चेत नाना उभे राहिले. म्हणाले, फाईल आणि केळी, दोन्ही एकाच टेबलावर ठेवली. केळी पिवळी झाली. मग काळी झाली. मग साहेबांनी खिडकी उघडली. आता खाली रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं की वर केळी आहे. "फाईल वैसी की वैसी है, महोदय. एकदम ताजी!"

वॅगनी सुटल्या. असोद्यात आनंदीआनंद. अक्काला हे कळलं तेव्हा तिने निरोप धाडला, केळी उतरली का रे फलाटावर? मग माणसांचं कधी?

*

कारण फलाटाचं उत्तर दर वेळी एकच यायचं. 'आपली मागणी विचाराधीन आहे.' नाना दर आखाजीला स्वतः अक्काकडे जायचे, सासूबाईंनी केलेले मांडे घेऊन. ती खायची, त्यांना वाढायची, आणि मग विचारायची. एका वर्षी नानांनी ते सरकारी उत्तरच वाचून दाखवलं.

अक्का म्हणाली, "कोन विचार करी ऱ्हायना? इतला दिवस विचार करस, त्याले जेवाले तरी बलाव."

दुसरा कोणी असता तर हसून सोडून देता. नानांनी ते मनावर घेतलं! रेल्वेच्या सगळ्या साहेबांना भरिताचं आमंत्रण गेलं.

आता भरीत म्हटलं की वांगी असोद्याची हवीत, हे ठीक. पण नाना म्हणाले, दिल्लीचं जळण चालणार नाही. भरिताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजली पाहिजेत. म्हणून नाना आणि गुरुजी वांग्यांची दोन पोती आणि वर काड्यांचा मोठा भारा घेऊन गाडीत चढले. तिकीट तपासनीसाने विचारलं, हे काय? गुरुजींनी मान खाली घातली. नानांनी पास दाखवला आणि सांगितलं, "सरकारी काम आहे."

दिल्लीतल्या बंगल्याच्या हिरवळीवर नानांनी काड्या रचल्या आणि पेटवल्या. कपाशीच्या काड्या पेटल्या की काय ज्वाळा उठतात, ते आपल्याला माहीत. शेजारच्या खासदारांना कुठे माहीत? त्यांनी फोन केला. साहेब लोक एका फाटकातून आत येतायत आणि दुसऱ्या फाटकातून घंटा वाजवत आगीचा बंब!

नानांनी बंबवाल्यांनाही पंगतीला बसवलं.

भरीत आमच्या पद्धतीचं, म्हणजे हिरवी मिरची सढळ. पहिल्या घासाला एका मोठ्या साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाना पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, पाणी देतो, पण आधी सांगा, फलाटाचा विचार कुठपर्यंत आला?

साहेबांनी हातानेच खूण केली, होईल, होईल.

गुरुजी म्हणतात, तांब्या नानांनी लगेच दिला. मी म्हणते, लगेच नसेल दिला.

*

आणि खरोखरच एक दिवस इंजिनिअर साहेब गावात आले! हातात नकाशा, बरोबर फिती धरणारी माणसं. सगळं गाव स्टेशनवर. शाळा सोडून दिलेली.

आमचं स्टेशन म्हणजे एकच लाईन. एका अंगाला गाव आणि लाईनीला लागून एक मोठा कडुलिंब. गाडी आली की लोक लिंबाच्या बाजूने उतरायचे, सावलीत बसायचे, लुगडी-धोतरं झटकायचे आणि मग घरी जायचे. दुसऱ्या अंगाला एका मारवाडी शेठजींच्या कापसाच्या जिनिंगची मोकळी जागा. तिकडे कोणी जात नसे.

इंजिनिअर म्हणाले, फलाट अर्थात गावाच्या बाजूला घेऊ. फक्त हे झाड काढावं लागेल.

झालं! सगळे एकदम बोलायला लागले. लिंब काढायचा? आखाजीचे झोके कुठे बांधायचे? म्हातारी माणसं रडवेली झाली. शेवटी सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना लिंबाखाली जाऊन उभे राहिले. वर बघितलं. अक्काचा लहानपणीचा झोका तिथेच असायचा, ही गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा सांगितली होती.

"फलाट तिकडच्या अंगाला घ्या," नाना म्हणाले.

इंजिनिअरांनी विचारलं, लोकांना चालेल?

सगळं गाव एका आवाजात म्हणालं, चालेल! शेठजींनी जागा द्यायचं कबूल केलं आणि सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. त्या दिवशी तिथे असलेल्या एकाही माणसाच्या, माझ्यासुद्धा, डोक्यात दुसरा काही विचार आला नाही.

*

फलाट झाला. दगडी, लांबलचक, कमरेएवढा उंच, वर गावाच्या नावाची पाटी. नाना म्हणाले, फीत नको, मंत्री नको. आखाजीच्या दिवशी अक्का त्यावर पाऊल ठेवेल, तेच उद्घाटन.

अक्काला निरोप गेला. तिचा उलट निरोप आला, येते.

आखाजीच्या सकाळी आम्ही सगळे फलाटावर. वाजंत्री. स्टेशनमास्तर इस्त्रीच्या कोटात. शेठजींनी सतरंजी अंथरलेली. सासूबाईंच्या हातात ओवाळायचं ताट, माझ्या हातात भाकरतुकडा आणि पाणी. नाना धुतलेल्या धोतरात सारखे फलाटाच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. समोर लाईनीपलीकडे लिंबाला झोके बांधलेले, पण पोरीसुद्धा झोके सोडून आमच्याकडे आलेल्या.

गाडी आली. वाजंत्री सुरू. इंजिन आमच्या समोरून धापा टाकत पुढे गेलं आणि डबे अगदी बरोबर फलाटाला लागून थांबले.

एकही दार उघडलं नाही.

आत गलबला ऐकू येत होता, बायकांचे आवाज, लेकरांचं रडणं, पेट्यांचे आवाज. एका खिडकीतून एक परगावचा माणूस विडी ओढत आमच्याकडे बघत होता. वरात चुकली की काय, असं त्याच्या तोंडावर. नाना एकेका डब्यापाशी जाऊन खिडकीत डोकावायला लागले. "अक्का? अक्का?" वाजंत्रीवाले हळूहळू थांबले.

स्टेशनमास्तरांनी घंटीकडे हात नेला. नाना त्यांच्याकडे धावले. आवाज पार बसलेला.

"घंटी देऊ नका. माझी बहीण अजून उतरली नाही."

स्टेशनमास्तरांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग ते म्हणाले, नाना, मागून मालगाडी आहे. आणि त्यांनी घंटी दिली. शिट्टी झाली. गाडी हलली. सासूबाईंच्या ताटातली ज्योत वाऱ्याने विझली. नाना जाणाऱ्या डब्यांकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

शेवटचा डबा पुढे गेला, आणि समोर लाईनीपलीकडे, लिंबाच्या सावलीत, अख्खी गाडी उतरलेली! माहेरवाशिणी, लेकरं, बोचकी, पेट्या, कोंबड्या. रोजच्यासारखे धोतरं-लुगडी झटकत उभे. आणि मधोमध, चौघीजणींनी हातांची पालखी करून उतरवलेली अक्का, नवं लुगडं नेसून झोक्यावर बसलेली. अधू पाय पुढे, दोन्ही हातांनी दोर धरलेला.

तिने आमच्याकडे पाहिलं, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"भिला," ती म्हणाली, "तू तठे काय करी ऱ्हायना? मी आठे शे."

फलाटावर कोणाला हसायचं धाडस होईना. नाना कडेला आले. उतार पार त्या टोकाला. त्यांनी खाली वाकून पाहिलं, मग हात कमरेशी आडवा धरला, दिल्लीत छातीशी धरला होता तसा.

अक्काने झोका थांबवला.

"मार उडी," ती म्हणाली.

नानांनी टोपी माझ्या हातात दिली आणि धोतर खोचलं.